‘बाबांवर माझा हात उगारला गेला’: स्मृतिभ्रंश झालेल्या वडिलांना सांभाळणाऱ्या मुलीला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: मी ५१ वर्षांची, सहकारी बँकेत नोकरी. डोंबिवलीत वन बीएचके, घरात नवरा आणि बारावीतली मुलगी. आई गेल्यापासून बाबा माझ्याकडे आहेत. वय ७९, रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त. दोन वर्षांपूर्वी अल्झायमरचं निदान झालं. रोज पहाटे तीन-साडेतीनला उठतात, शर्ट-पँट चढवतात आणि ‘ड्यूटीला उशीर होतोय, डबा दे’ म्हणून दाराशी जातात. दीड वर्षात मी सलग झोपलेली नाही. भाऊ बंगळुरूला असतो, पैसे पाठवतो आणि फोनवर सूचना देतो. गेल्या आठवड्यात दाराशी झटापट झाली, माझा हात उगारला गेला. मारलं नाही, पण दंडाला धरून इतकं खेचलं की वळ उठले. आता मलाही गोष्टी आठवेनाशा झाल्यात, त्याची भीती वाटते. नवरा म्हणतो एखादं केअर सेंटर बघू. आत्या म्हणते, ‘बापाला आश्रमात टाकणार का?’ मी काय करू?

ताई, त्या वळांपासूनच सुरुवात करते, कारण तुमचं सगळं लिहिणं त्यांच्याभोवती फिरतंय. झालं ते चांगलं झालं नाही आणि पुन्हा होता कामा नये, हे तुम्हाला माझ्याइतकंच कळतं. पण त्यावरून ‘मी वाईट मुलगी आहे’ असा जो निकाल तुम्ही लावून टाकलाय, तो मला मान्य नाही. दीड वर्षात सलग झोपले नाही, हे तुम्ही जाता जाता लिहून गेलात. माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तेच आहे. स्मृतिभ्रंशाच्या ओपीडीत बरीच वर्षं घरच्यांशी बोलत आले आहे. आईवडिलांवर आवाज चढतो, हात सुटतो असं सांगणाऱ्या मुलामुलींना मी पहिल्यांदा विचारते, रात्री कोण उठतं? जवळजवळ प्रत्येक वेळी उत्तर येतं, ‘मीच.’

पुढच्या वेळी राग डोक्यात जायला लागला की करायच्या गोष्टी आत्ताच ठरवून ठेवा, त्या क्षणी सुचत नाहीत. दाराची वरची कडी लागलेली आहे ना, गॅसचा रेग्युलेटर बंद आहे ना, एवढं बघा, नवऱ्याला उठवा आणि तुम्ही आतल्या खोलीत जा. त्यांची झोपमोड होईल म्हणून उठवायला संकोच वाटतो, असं तुमच्यासारख्या अनेकजणी सांगतात. उठवाच. आणि झालेला प्रकार बाबांच्या डॉक्टरांना पुढच्या भेटीत स्पष्ट सांगा. चांगला डॉक्टर तुम्हाला दोष देणार नाही, औषधांचा आणि मदतीचा फेरविचार करील.

आजाराची एक बाजू माहीत असलेली बरी. बाबांना तो प्रसंग आठवत नसेल, पण प्रसंग पुसला गेला तरी त्यातली भावना बराच वेळ मागे राहते. धास्ती राहते, तसा आपलेपणाही राहतो. त्यामुळे भांडणानंतर अर्ध्या तासाने तुम्ही त्यांच्या पायाला तेल लावलंत, सोबत बसून चहा घेतलात, तर ते वाया जात नाही. तुम्ही हे करत असणारच.

आता पहाटेबद्दल, कारण ती सुधारल्याशिवाय बाकी कुठलाही सल्ला तुमच्या पचनी पडणार नाही.

बाबांनी आयुष्यभर पहिली पाळी केली असणार. अलीकडचं पुसलं जातं आणि जुनं घट्ट राहतं, हा या आजाराचा स्वभावच आहे. त्यांच्या लेखी ते खरोखरच उशिरा निघाले आहेत आणि घरातली एक बाई दार अडवून उभी आहे. ‘बाबा, तुम्ही रिटायर होऊन वीस वर्षं झाली’ हे वाक्य तुमच्या दृष्टीने खरं आहे, त्यांच्या दृष्टीने ती थट्टा आहे. त्यांना पटवायचा प्रयत्न सोडून द्या. ‘आज वर्कशॉपला सुट्टी आहे, कालच निरोप आला’ म्हणा, किंवा ‘गाडी लेट आहे, तोवर चहा घ्या’ म्हणा. जिना उतरण्याऐवजी पंधरा मिनिटं खुर्चीत बसले, हातात कप आला, की बऱ्याचदा तो धागाच तुटतो. बापाशी खोटं बोलायचं कसं, हा प्रश्न मला पुष्कळ मुलं विचारतात. बाबांना त्या वेळी माहिती नको असते, धीर हवा असतो. तो तुम्ही देताय, त्यात फसवणूक नाही.

हे झालं बोलण्याचं. पण ते तीनला उठतातच का, हेही शोधायचं. दुपारी दोन-अडीच तास झोपतात का? चारनंतर चहा होतो का? ७९ व्या वर्षी प्रोस्टेटमुळे लघवीला उठणं, बद्धकोष्ठ, गुडघेदुखी यांनीही झोप मोडते, आणि ‘दुखतंय’ हे त्यांना शब्दांत सांगता येत नाही. विसरण्याच्या आजारावर दिलेली डोनेपेझिलची गोळी रात्री घेत असतील तर काहीजणांची झोप चाळवते, विचित्र स्वप्नं पडतात. तसं असेल तर ती सकाळी देता येईल का, हे डॉक्टरांना विचारा, स्वतःहून बदल करू नका. सर्दीच्या किंवा झोपेच्या गोळ्या मेडिकलमधून आणून देऊ नका, त्यातल्या काहींनी गोंधळ हमखास वाढतो. आणि ‘त्यांना शांत करणारं काहीतरी जोरात द्या’ अशी मागणी करण्याआधी थांबा. अशा रुग्णांत अँटीसायकोटिक, म्हणजे तीव्र मनोविकारांवरच्या औषधांनी पक्षाघाताचा आणि मृत्यूचा धोका वाढतो. कधीकधी ती लागतात, मीही लिहून देते, पण थोड्या मात्रेत, थोडे दिवस, आणि बाकी उपाय करून झाल्यावर. एक अपवाद लक्षात ठेवा: एरवीपेक्षा गोंधळ एक-दोन दिवसांत एकदम वाढला, झापड आली किंवा भलतंच दिसायला लागलं, तर ‘आजार वाढला’ म्हणून बसून राहू नका. लघवीतला जंतुसंसर्ग, ताप, सोडियम कमी होणं, डोक्याला लागलेला मार, यांपैकी काही असू शकतं. त्याच दिवशी तपासून घ्या.

बाबा एखाद्या पहाटे निसटलेच तर कुठे जातील, ते तुम्हाला ठाऊक आहे: स्टेशनवर. त्यांच्या प्रत्येक शर्टाच्या खिशात तुमचा नंबर असलेली चिठ्ठी ठेवा, सध्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. वॉचमनला, कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्यांना, दूधवाल्याला आजाराचं नाव घेऊन सांगा. लोक काय म्हणतील म्हणून हे लपवलं जातं आणि मग पहारा देणारे डोळे तुमचे दोनच उरतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पातळीवरच्या अभ्यासानुसार भारतात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना स्मृतिभ्रंश आहे. तुमच्या सोसायटीत दुसरं घर असण्याची शक्यता बरीच आहे, फक्त तिथेही दार लावलेलं असेल.

इथे मला जे सर्वांत आग्रहाने सांगायचंय ते सांगते. तुम्हाला दमवणारी गोष्ट आंघोळ घालणं, भरवणं, कपडे बदलणं ही नाही. बँकेतून येऊन ती कामं करणाऱ्या बायका मी वर्षानुवर्षं टिकलेल्या पाहिल्यात. माणूस खचतो तो चोवीस तास डोळ्यांत तेल घालून राहावं लागतं म्हणून. काउंटरवर बसूनही तुमचा एक कान फोनकडे असतो. झोपेतही कडीचा आवाज येतोय का, याकडे लक्ष असतं. आणि डायपर लावायचा का, डॉक्टर बदलायचे का, हा प्रत्येक निर्णय तुमच्यावर येऊन पडतो. म्हणून ‘जरा स्वतःकडेही लक्ष द्या, योगा करा’ असा सल्ला मी देत नाही. सावध राहायची पाळी जोवर दुसऱ्या कोणाकडे जात नाही, तोवर योगा करतानाही कान दाराकडेच राहणार.

पाळी, हा शब्द बाबांनाही कळेल आणि घरच्यांनाही. आठवड्यातल्या तीन रात्री तुमच्या नसाव्यात. दोन रात्री नवऱ्याने बाबांच्या खोलीत झोपायचं आणि तुम्ही मुलीजवळ, कानात कापूस घालून. त्या रात्री बाबा उठले तरी तुम्ही उठायचं नाही. ते चहा सांडतील, नवरा त्यांना चुकीचा शर्ट घालील, घालू दे. मदतीला आलेल्या माणसाच्या हातातलं काम ‘राहू दे, मीच करते’ म्हणून परत घेणं, ही सवय मला मुलींमध्ये फार दिसते. तिसऱ्या रात्रीसाठी रुग्ण सांभाळणारी माणसं पुरवणाऱ्या ब्यूरोतून मामा किंवा मावशी बघा. महिनाभराचा माणूस परवडत नसेल तरी आठवड्यातून एक रात्र परवडते का, याचा हिशोब करा. बाबा रेल्वेचे पेन्शनर आहेत. ८० पूर्ण झाल्यावर मूळ पेन्शनच्या २० टक्के जादा पेन्शन सुरू होतं. ती रक्कम पहिल्या महिन्यापासून याच कामासाठी बाजूला काढा, घरखर्चात मिसळू देऊ नका. बारावीतल्या मुलीला रात्रीची जबाबदारी देऊ नका. तिने संध्याकाळी आजोबांसोबत जुने फोटो बघत अर्धा तास घालवला तर तेवढं पुष्कळ.

भावाबद्दल तुमच्या मनात राग आहे आणि तो रास्त आहे. तरी मी अशा भावांशीही बोलत असते. लांबच्या माणसाला अपराधी वाटत असतं आणि ते अपराधीपण सूचना बनून बाहेर पडतं: डॉक्टर बदल, बदाम दे, शब्दकोडी सोडवून घे. त्याला ‘मदत कर’ म्हणून भागत नाही. एक अख्खं खातं निर्णयासकट त्याच्या हवाली करा. औषधं संपायच्या आत ऑनलाइन मागवणं, दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला (बाबांनी ८० पूर्ण केल्यावर तो ऑक्टोबरपासूनच देता येतो), रेल्वे हॉस्पिटलचं कार्ड, लाइटबिलं, ब्यूरोशी बोलणी, हे सगळं बंगळुरूहून होतं. शिवाय रोज रात्री आठ ते साडेआठ त्याने व्हिडिओ कॉलवर बाबांशी गप्पा मारायच्या. बाबा तेच तेच विचारतील, त्याने तेच तेच सांगायचं. त्या अर्ध्या तासात तुम्ही खाली चक्कर मारून या. महिनाभरात त्याच्या सूचना कमी होतील, हा माझा अनुभव आहे.

आणि वर्षातून दोनदा, गणपतीत म्हणा, उन्हाळ्यात म्हणा, तो येईल तेव्हा पाहुणा म्हणून येऊ नये. तीन दिवस बाबा त्याच्या ताब्यात देऊन तुम्ही तिघं घराबाहेर जा. तो म्हणेल, ‘मला काही कळत नाही.’ तुम्हालाही कळत नव्हतं. एका कागदावर औषधांच्या वेळा, पहाटेचं काय करायचं, लघवीला किती वेळाने न्यायचं, कुठल्या गाण्याने ते शांत होतात, एवढं लिहून ठेवा. पडले, ताप आला, खाणं-पिणं बंद केलं, तरच फोन करायचा, असं ठरवून निघा.

अशा आधाराने खरंच काही फरक पडतो का, हे आपल्या शेजारी गोव्यात नीट तपासून पाहिलेलं आहे. तिथल्या ८१ कुटुंबांवरचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या घरांत स्थानिक, प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्या सहा महिने निदान पंधरवड्यातून एकदा जात राहिल्या. त्या डॉक्टर नव्हत्या. आजार समजावून सांगायच्या, बिथरलेल्या म्हाताऱ्या माणसाला कसं सांभाळायचं ते दाखवायच्या, सांभाळणाऱ्या बाईचं ऐकून घ्यायच्या, गरज पडली तर मनोविकारतज्ज्ञांना विचारायच्या. त्या घरांतल्या सांभाळणाऱ्यांचं मानसिक स्वास्थ्य इतरांपेक्षा स्पष्टपणे सुधारलं. रुग्णाचा आजार होता तसाच होता. म्हणून मी आधारगटाचा इतका आग्रह धरते. अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९९२ पासून काम करते, तिच्या मुंबई आणि पुणे शाखा आहेत. मुंबईत डिग्निटी फाउंडेशनने स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी डे केअर चालवलं आहे. तुमच्यापर्यंत काय पोचतं ते विचारून घ्या. ज्येष्ठांसाठीची सरकारी हेल्पलाइन १४५६७ वर अशा सोयींची माहिती मिळू शकते.

आता तुमच्या विसरण्याबद्दल. वय ५१, पाळी जाण्याचा काळ, वर दीड वर्षाचं जागरण. यातलं एकेकही लक्ष उडायला पुरेसं आहे. तुम्हाला आठवत नाही, कारण बऱ्याच गोष्टी मुळात मनात नोंदल्याच जात नाहीत. तरी अंदाजावर राहू नका. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२, साखर आणि रक्तदाब तपासून घ्या. बाबांना दवाखान्यात नेणाऱ्या मुलींचं स्वतःचं बीपी कित्येक वर्षं कोणी मोजलेलं नसतं. ‘मलाही होईल का’ या प्रश्नाचं उत्तर: उतारवयात होणारा अल्झायमर बहुतेकदा सरळ वारशाने येत नाही. आई किंवा वडिलांना असेल तर शक्यता काहीशी वाढते, एवढंच. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये टाळता येण्याजोगी १४ कारणं मांडली आणि ती सगळी दूर झाली तर जगातले सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळतील किंवा लांबतील, असा अंदाज दिला. त्या १४ मध्ये रक्तदाब, मधुमेह, वाढलेलं कोलेस्टेरॉल, कमी ऐकू येणं यांच्याबरोबर नैराश्य आणि एकटेपणाही आहे. तुम्ही भिशीला जाणं सोडलंत, कोणाकडे हळदीकुंकवालाही जात नाही, असं लिहिलंय. भिशीचा दिवस तुमच्या औषधांच्या यादीत लिहून टाका.

सकाळी उठल्या उठल्या रडू येत असेल, कशातच जीव लागत नसेल, जेवण तुटलं असेल आणि हे दोन आठवड्यांच्या वर टिकलं असेल, तर ते थकव्यापलीकडचं आहे. स्वतःसाठी डॉक्टरांची वेळ घ्या. जीव नकोसा वाटण्यापर्यंत गोष्ट गेली असेल तर वेळ घेण्याचीही वाट पाहू नका, घरात कोणाला तरी आत्ता सांगा आणि टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येतं.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, पण ती असेल म्हणून मीच काढते. ‘सुटावेत एकदाचे’ असा विचार मनात येऊन गेला असेल आणि तो आला म्हणून तुम्ही देवापुढे कान धरले असतील. सांभाळणाऱ्यांपैकी ज्यांच्याशी माझं मोकळं बोलणं झालंय, त्यांतल्या फार थोड्यांना तो कधीच आलेला नाही. वडील रोज थोडेथोडे जात आहेत आणि तरी समोर बसून वरणभात खात आहेत. या जाण्याला सुतक नाही, भेटायला येणारे नाहीत, रडायला जागा नाही. ते तुम्हाला ‘माई’ म्हणून त्यांच्या बहिणीच्या नावाने हाक मारायला लागतील, त्या दिवशी बँकेत कोणाला सांगणार? निदान एक माणूस असं शोधून ठेवा, ज्याला हे सांगता येईल आणि जो उलट ‘अगं, पण तू नशीबवान, सेवा करायला मिळतेय’ असं म्हणणार नाही.

कागदपत्रांचं पटकन सांगते. बाबांना अजून व्यवहार कळतो असं डॉक्टर म्हणत असतील तर बँक खात्यात दुसरं नाव, नॉमिनेशन, मृत्युपत्र हे याच महिन्यात उरका, सोबत डॉक्टरांचं पत्र घ्या. नुसत्या मुखत्यारपत्रावर विसंबू नका. करून देणाऱ्याची समज गेली की आपल्या कायद्यात ते टिकत नाही आणि मग बाबांचं कायदेशीर पालकत्व मिळवण्यासाठी उच्च न्यायालयापर्यंत जावं लागू शकतं.

राहिला केअर सेंटरचा विषय. आत्यांचं वाक्य मी फार घरांतून ऐकलंय आणि ते बहुतेकदा अशाच व्यक्तीचं असतं, जिने त्या घरात एकही रात्र काढलेली नसते. तुमचा नवरा हा विषय काढतोय म्हणजे तो बाबांचा शत्रू नाही, तो तुमच्याकडे बघतोय. आज लगेच ठरवायची गरज मला वाटत नाही. आधी पाळ्या लावून दोन-तीन महिने बघा. पण रात्रीची मदत मिळूनही तुमची तब्येत ढासळत राहिली, बाबांना उचलायला दोन माणसं लागायला लागली, किंवा पुन्हा हात उठला, तर ‘आता घरी जमत नाही’ असं म्हणायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. तिथे ठेवल्यावरही मुलगी तुम्हीच असता. औषधांवर लक्ष, डॉक्टरांशी बोलणं, रविवारी त्यांच्या आवडीचा शिरा नेणं, हे चालूच राहतं, फक्त रात्रीचा पहारा दुसरे देतात.

तोवर एखाद-दोन जागा नुसत्या बघून ठेवा, घाई नसताना. सकाळी अकराला, मॅनेजर दाखवतो तेव्हा जाऊ नका. संध्याकाळी सहा-सातला जा, या रुग्णांचा गोंधळ त्या वेळी वाढतो. जेवण भरवताना कोणी घाई करतं का, लघवीचा वास येतो का, कोणाला खुर्चीला बांधून ठेवलंय का, ते बघा. रात्री किती रुग्णांमागे किती माणसं जागी असतात, बाबा तीन वाजता ड्यूटीला निघाले तर इथली माणसं काय करतील, हे मॅनेजरला विचारा आणि मग तोच प्रश्न तिथल्या मावशींना वेगळा विचारा. दोन्ही उत्तरं जुळतात का, ते पाहा.